द्रौपदाबाईंचा भिंतीवरचा फोटो

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय शालिग्राम नाना, प्रमुख पाहुणे म्हणून वेळात वेळ काढून आलेले रोहिदासभाऊ, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती अभिमन आबा, चाळीसेक वर्षं त्यांचा संसार आणि स्टुडिओ अशा दोन्ही गोष्टी सांभाळणाऱ्या पुष्पाबाई वहिनी, पारोळ्याहून एवढ्या उन्हात आलेले माझे मामेसासरे भिकनमामा, छायाचित्रकार संघटनेचे सभासद, आणि माझ्या पाचोऱ्यातल्या बंधू-भगिनींनो, सगळ्यांना माझा सविनय नमस्कार.

मी सुनिता महाजन. शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे सूत्रसंचालकांनी कानात सांगितलं, "मॅडम, थोडक्यात." त्यांचा अनुभव दांडगा आहे. तरी नाना, आज मला घंटी वाजवू नका. आधीच विनंती करून ठेवते.

आतापर्यंत चार वक्ते बोलले. चौघांनीही सांगितलं की अभिमन आबांनी आपल्या गावातली लग्नं, बारशी, गणपती, शाळेचे वर्गफोटो सगळं टिपलं. खरंच आहे. माझ्या लग्नातले फोटो आबांचेच. त्यात माझा चेहरा असा आहे की मला कुणी फाशी द्यायला नेतंय. तो दोष आबांचा नाही, हे आमच्या यांना इतक्या वर्षांत पटलेलं नाही. असो. पण स्टेशन रोडवरचा स्टुडिओ बंद का होतोय, आबा धुळ्याला लेकीकडे, प्राचीकडे, का निघालेत, यावर एकही वक्ता बोलला नाही. "वयोमानानुसार" एवढंच म्हणाले. आबांचं वय काय झालंय हो? मागच्या उन्हाळ्यापर्यंत हा माणूस ट्रायपॉड खांद्यावर टाकून खेडोपाडी जात होता.

मग का बंद होतोय? सगळ्यांना माहीत आहे. चहाच्या टपरीवर बोललं जातं, व्यासपीठावर बोलायचं नाही, एवढंच. लोक म्हणतात, आबांनी म्हातारीचा फोटो मसालेवाल्याला विकला. ती म्हातारी म्हणजे माझ्या सासूबाई, द्रौपदाबाई. तेव्हा यावर बोलायचा अधिकार या सभागृहात कुणाला असेल तर तो मला आहे, आणि मी बोलणार आहे.

आधी एक गोष्ट सांगते, कारण तरुण मंडळींना ठाऊक नसेल. आपल्याकडे खेड्यात म्हातारी माणसं एक फोटो मुद्दाम काढून ठेवतात. नवं धोतर, नवं लुगडं, डोक्यावर पदर, हात गुडघ्यांवर. आपण गेल्यावर भिंतीवर लागायचा तो. त्याला 'भिंतीवरचा फोटो' म्हणतात. तो आधी कुणाला दाखवत नाहीत. कपाटात, कापडात गुंडाळून ठेवतात. जिवंतपणी त्या फोटोला हार पडला तर अपशकुन, हे एक. आणि दुसरं, तो फोटो ज्या दिवशी बाहेर येईल त्या दिवशी बघणाऱ्याला विचारावं लागू नये की काय झालं. हे असे फोटो काढण्यात आबांचा हात धरणारा आपल्या जिल्ह्यात कुणी नव्हता. घाई नाही. आधी ओट्यावर बसून चहा, मग पिकापाण्याच्या गप्पा, आणि माणूस आपल्या मनासारखा दिसायला लागला की मग कॅमेरा.

सासूबाईंचा फोटो काढायला आबा आमच्या गावी आले तो दिवस मला चांगला आठवतो. या बाईने सकाळपासून मला तीन लुगडी बदलून दाखवली. आमचं सासू-सुनेचं जसं असतं तसंच होतं, फार गोड नाही, फार कडू नाही. मी म्हटलं, "आई, तिन्ही सारखीच दिसतात." तर म्हणाल्या, "तू मराठीनी मास्तरीन शेस, तुले लुगडामधलं काय समजस?" शेवटी हिरवं नेसल्या. फोटो झाला. आबांना म्हणाल्या, "भाऊ, मी मरसू तवय हाऊ बाहेर काढजो. तोपावत कोनलेच दखाडू नको." आबांनी मान डोलावली. म्हणाले, "आक्का, शब्द दिला."

आणि मग काय झालं? म्हाताऱ्या बाईची खोड. म्हणाल्या, "तू बठ्ठासना फोटो काढस, तुना कोन काढस?" आबा हसले. सगळ्यांचे फोटो काढणाऱ्याचा फोटो काढायला सासूबाईंनी सरळ कॅमेरा मागून घेतला. आबांनी बोट कुठे दाबायचं ते दाखवलं आणि अंगणात उभे राहिले. तो किस्सा इथेच ठेवते. शेवटी मला त्याच्याकडे परत यायचंय.

आबांनी शब्द पाळला. स्टुडिओच्या काचेत लावला नाही, स्पर्धेला पाठवला नाही, स्वतःच्या पानावर टाकला नाही. एक फ्रेम केलेली प्रत दिली आणि मोबाईलवर एक प्रत आमच्या घरी पाठवली. माझी मुलगी मोनाली तेव्हा जळगावला शिकत होती. तिने आजीच्या वाढदिवसाला तो फोटो स्टेटसला ठेवला. "माझी राणी" असं लिहून. बस, एवढंच. कुणाचं वाईट करायचं तिच्या मनातही नव्हतं. आजीवर जीव होता पोरीचा.

फोटोच्या कोपऱ्यात आबांचं बारीक नाव होतं. मी त्यांना नंतर विचारलं होतं, "आबा, मोठं नाव मधोमध का टाकत नाही? आता सगळे टाकतात." तर म्हणाले, "मॅडम, माणसाच्या तोंडाला मी काळं फासू का?" ते बारीक नाव कापायला लोकांना अर्धा क्षणही लागला नाही.

स्टेटसवरून तो फोटो कुणी उचलला, कुठे नेला, देव जाणे. 'खान्देशी आजी' म्हणून एका पानावर आला. मग सुप्रभातच्या संदेशावर आला, खाली जीवनाचा अर्थ लिहिलेला. आमच्या सासूबाईंनी आयुष्यात जीवनाचा अर्थ सांगितला नाही, त्या फक्त भाकरी करपली की नाही एवढंच सांगायच्या. मग महिला दिनाच्या शुभेच्छा आल्या, सासूबाई मोठ्या, आणि शेजारी हात जोडलेले... रोहिदासभाऊ, रागावू नका, तुम्हीच होता! तुमच्या कार्यकर्त्याने बनवलं असेल, तुम्हाला माहीतही नसेल. तेच तर माझं म्हणणं आहे. कुणालाच माहीत नसतं. प्रत्येकाला वाटतं, नेटवर पडलेलं होतं, आपण फक्त पुढे पाठवलं. अहो, शेतात केळीचा घड लोंबकळतोय म्हणून आपण तो कापून आणतो का? बांधावर उभं राहून हाक तरी मारतो ना, की मालक आहे का कुणी?

एक दिवस तर असं आलं, की या माउलीला मुलांनी घराबाहेर काढलं, पाषाणालाही पाझर फुटेल, पुढे पाठवा. आमच्या यांनी ते वाचलं आणि जेवले नाहीत. त्या वेळी माउली आत बसून माझ्या नावाने ओरडत होती की वरणात हिंग कुठंय.

आणि मग मसाल्याची पुडी आली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, त्यांची फुकट जाहिरात कशाला करू? पुडीवर सासूबाई, हिरव्या लुगड्यात, हात गुडघ्यांवर. ज्या फोटोला हार पडायचा त्याच्यावर 'झणझणीत' असं लिहिलेलं. आबा पुडी हातात घेऊन आमच्या घरी आले. घरात येऊन बसले नाहीत, दारातच उभे राहिले. त्यांनी कंपनीला लिहिलं, फोन केले, जळगावला वकिलाकडे गेले. कंपनी म्हणाली, फोटो इंटरनेटवर होता. वकील म्हणाले, आबा, हा फोटो बाईंनी तुमच्याकडून सांगून काढवून घेतलाय, तेव्हा हक्क बहुधा तुमचाही नाही, त्यांचाच. आबांनी येऊन तसंच सांगितलं. "आक्का, तुमचा हक्क आहे. काय मागायचं ते तुम्ही सांगा."

सासूबाई म्हणाल्या, "त्यासले सांग, मन्हं तोंड माले परत द्या."

मंडळी, हे वाक्य कोणत्या अर्जात लिहायचं? मी मराठीची शिक्षिका आहे, मलाही सुचलं नाही. शेवटी कंपनीने पुडीवरचं चित्र बदललं, आणि माफीच्या जागी मसाल्याचा एक खोका पाठवून दिला. सासूबाईंनी बोटाने चाखून बघितला. म्हणाल्या, "मीठ जास्त शे. मन्हा तोंडखाले असा मसाला इकतस?" आम्ही सगळे हसलो. आबा हसले नाहीत.

कारण तोवर गावोगावी बातमी पसरली होती. अभिमनने फोटो विकला. म्हाताऱ्या माणसांनी त्यांना बोलावणं बंद केलं. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही, आपल्याकडे तशी पद्धत नाही. "पुढच्या महिन्यात बघू आबा," एवढंच म्हणायचे. मोनालीने स्वतः लिहून टाकलं होतं की फोटो माझ्याकडून गेला, आबांचा काही दोष नाही, मला माफ करा. तो संदेश किती जणांनी पुढे पाठवला? कुणीच नाही. मी आबांना म्हटलं, "तुम्ही लोकांना सांगा ना स्वतः." म्हणाले, "पोरीने मायेने टाकला, मॅडम. तिचं नाव माझ्या तोंडून नको." म्हणून आज मी माईकवरून, तिची आई म्हणून, तिला विचारून सांगते आहे. अभिमन आबांनी तो फोटो विकला नाही, दिला नाही, दाखवलासुद्धा नाही. फोनने जे पोचवलं नाही ते निदान या सभागृहातून घरोघरी न्या.

आता सगळ्यात अवघड ते सांगते. सांभाळून घ्या.

एका पानावर तो फोटो हार घालून आला. 'ही माउली आज आपल्याला सोडून गेली, एक फूल वाहा.' लोकांची फुलं मिळवायला केलेला उद्योग. ते फिरत फिरत पारोळ्याला गेलं. भिकनमामांच्या मुलाने, जगदीशने, ते पाहिलं आणि वडिलांना दाखवलं. बहिणीचा भिंतीवरचा फोटो, हार घातलेला. मामांनी काही विचारलं नाही. दुकानातून माहेरचं कोरं लुगडं घेतलं आणि गाडी करून रडत रडत आमच्या दारात आले. तुम्हाला ठाऊकच आहे, बाई कितीही वयाची होऊन गेली तरी शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भावाने आणलेलं. आणि बहीण काय करत होती? ओट्यावर बसून मिरच्यांची देठं खुडत होती.

मामा ओट्यासमोर उभे राहिले, काखेत लुगडं. सासूबाईंनी वर बघितलं. क्षणात त्यांना सगळं समजलं. म्हणाल्या, "आते लई उना शेस ते दी दे. मरानंतर माले काय दखावनार शे?" आणि ते लुगडं घेतलं, त्याच आठवड्यात नेसल्या, आणि श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांच्या जेवणात मिरवल्या. जो भेटेल त्याला सांगायच्या, भावाने मरणाचं लुगडं जित्तेपणी नेसवलं. केवढं हसलो आम्ही तेव्हा! आज मला त्या हसण्याचा राग येतो.

कारण नंतर त्या खरंच गेल्या. पहाटे, झोपेत. आमच्या यांचं डोकं चालेना. शेजारच्या पोरांनी धावपळ केली. मी विचारलं, "पारोळ्याला कळवलं का?" "हो काकू, ग्रुपवर टाकलंय." मंडळी, हल्ली आपण कळवत नाही, टाकतो. फोटो कोणता टाकला? भिंतीवरचाच. दुसरा होता कुठे? ज्या दिवसासाठी तो काढला होता तो दिवस आला होता. आबांनी शब्द दिला होता तो हाच दिवस.

पारोळ्याला जगदीशने तो पाहिला. हिरवं लुगडं, हात गुडघ्यांवर, वर हार. म्हणाला, परत तेच आलं. मामा म्हणाले, राहू दे. आणि बाप-लेक कपाशीवर निघून गेले.

इकडे आम्ही थांबलो होतो. म्हाताऱ्या बाया विचारत होत्या, माहेरचं लुगडं आलं का? सूर्य डोक्यावरून कलला. मग यांनी फोन लावले, तर शेतात रेंज नाही. जाणती माणसं म्हणाली, आता किती वेळ ठेवायचं. मी आत गेले आणि ट्रंक उघडली. मामांनी आणलेलं तेच लुगडं, दोनदा धुतलेलं, घडी घातलेलं. बाया म्हणाल्या, नेसलेलं चालत नाही, कोरं लागतं. मी म्हटलं, माहेरचं आहे, तिच्या भावाने स्वतःच्या हाताने आणलंय, हेच घालायचं. आयुष्यात सासूबाईंच्या बाजूने मी इतकं भांडले ते त्या दिवशी, आणि त्या ऐकायला नव्हत्या.

संध्याकाळी फोन लागला तेव्हा माणसं स्मशानातून परत आली होती. दुसऱ्या दिवशी मामा आले. भिंतीवर फ्रेम लावली होती, तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पहिला डाव खोटावर धावत उनू. दुसरा डाव खरावर बसी राह्यनू."

मामा, तुम्ही पहिल्या रांगेत आहात. तुमचा काही दोष नाही. हे मी तुम्हाला घरी शंभर वेळा सांगितलं, आज लोकांसमोर सांगते. एका बाईने आयुष्यात एकच फोटो जपून ठेवला होता, तिच्या भावाला बोलवायला. तो आम्ही सगळ्यांनी मिळून इतका वापरला, की ऐन वेळी त्याचा उपयोगच उरला नाही. ज्याने सुप्रभात म्हणून पाठवला त्यानेही, ज्याने फूल वाहिलं त्यानेही. मला याचं फार वाईट वाटतं. दुसरा काही शब्द मी शोधत नाही.

आबा दहाव्याला आले होते. कॅमेरा आणला नव्हता. मला म्हणाले, "मॅडम, आता मी कुणाला शब्द देऊ शकत नाही. आणि शब्द दिल्याशिवाय तो फोटो काढता येत नाही." त्यानंतर महिन्याभरात स्टुडिओच्या दारावर 'जागा भाड्याने देणे आहे' लागलं. तेव्हा वयोमानानुसार नव्हे, शालिग्राम नाना. आपल्या गावाने एका माणसाचा शब्द खोटा पाडला म्हणून तो चाललाय.

धुळ्यात आबांना नातवंडं आहेत, मोकळी हवा आहे. पुष्पाबाई वहिनी, त्यांना घरात बसवून ठेवू नका. फोटो काढायला लावा. झाडांचे काढतील, पाखरांचे काढतील. पाखरांना शब्द द्यावा लागत नाही.

आता तो राहिलेला किस्सा. माझ्या मागचा हा फ्लेक्स बघा. किती छान फोटो आहे आबांचा! मघापासून प्रत्येक वक्ता म्हणतोय, काय हसू आहे, काय फोटो आहे. कुणी काढला, हे एकानेही विचारलं नाही. संघटनेच्या पोरांनी आबांच्या प्रोफाइलवरून उचलला, सरळ केला, कडा कापल्या. मूळ फोटो जरा तिरका होता, आणि कोपऱ्यात दोरीवर वाळत घातलेली माझी साडी होती. ते आमचं अंगण आहे. तो फोटो माझ्या सासूबाईंनी काढलाय. त्यांनी आयुष्यात काढलेला एकमेव फोटो. आबा असे हसताहेत, कारण समोरची म्हातारी कॅमेरा उलटा धरून म्हणत होती, "हाल नको रे, तू मन्हामा मावत नही शेस."

पोरांनो, मी रागावलेले नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसतं, मघाशीच म्हटलं. पण आता माहीत झालंय. फळ्यावर लिहायचा मार्कर माझ्या पर्समध्ये कायम असतो. नाना, अध्यक्षांच्या परवानगीने, आबांच्या गळ्यात हार पडण्याआधी मी या फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात एक नाव लिहिणार आहे. मोठं नाही, बारीकच. आबांच्या पद्धतीने.

मला बोलायची संधी दिली याबद्दल संयोजकांची आणि इतका वेळ घंटीवरचा हात आवरून धरल्याबद्दल अध्यक्षांची मी ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी जे बोलू नये असं काही बोलून गेले असेन तर लहान तोंडी मोठा घास समजून पोटात घाला. मागच्या रांगेत तीन-चार जण माझं भाषण मोबाईलवर घेताहेत, मला दिसतंय. घ्या. टाकायचं असेल तर टाकाही, माझी परवानगी आहे. फक्त शेवट कापू नका, कारण शेवटी नाव आहे. या फोटोच्या छायाचित्रकार, द्रौपदाबाई सुकदेव महाजन.